ऑइल प्रेशर गेज किट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डॅशबोर्डवरची लाल किटली पेटली की बहुतेक ठिकाणी पहिला बळी ऑइल प्रेशर स्विचचा (तेलाचा दाब पडला की ही लाइट लावणारा) जातो, कारण तो स्वस्त आणि बाहेरूनच बदलता येतो. तरीही लाइट येत राहिली की कोणीतरी २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड तेल भरून देतो. जाड तेलाने लाइट काही दिवस विझते, आतली झीज मात्र चालूच राहते. या दोन्हींच्या आधी प्रेशर मोजायला हवं. कोल्हापुरातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये आठ महिने वापरलेल्या किटबद्दल हे लिहितोय. ग्लिसरीन भरलेली ० ते १० बारची (बार म्हणजे दाबाचं एकक) डायल, सव्वा मीटर नळी, डझनभर अडॅप्टर. किंमत दोन हजारांच्या आत.

साधा स्विच ०.३ बारच्या आसपास उघडतो, त्याखाली जुळलेला राहून लाइट लावतो. म्हणजे लाइट लागते तेव्हा प्रेशर 'थोडं कमी' नसतं, जवळजवळ संपलेलं असतं. गाडी तिथेच बंद करायची. सपाटीवर पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघायची. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो, आणि लहान पेट्रोल इंजिनात एकूण तेलच तीन लिटरच्या आसपास. तेल पातळ होऊन पेट्रोलचा वास मारत असेल तर ते आधी काढून टाका.

लेव्हल ठीक असेल तर चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्विचची वायर काढा. एका वायरच्या साध्या स्विचवर लाइट विझायला हवी. नाही विझली तर वायर कुठेतरी बॉडीला घासून अर्थ (बॉडीशी विजेचा जोड) झालीय, किंवा उंदराने कुरतडलीय. कनेक्टरच्या आत तेल दिसलं तर स्विच फुटलाय. दोन स्विच असलेल्या किंवा ईसीयूमार्फत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमार्फत) लाइट लावणाऱ्या गाड्यांना ही चाचणी लागू नाही.

मग स्विच काढून त्या जागी गेज. अनेक जपानी धाटणीच्या इंजिनांवर स्विच २४च्या लांब गोटीने (सॉकेटने) निघतो आणि आटे असतात १/८ बीएसपीटी मापाचे. किटमधला तसाच दिसणारा अडॅप्टर १/८ एनपीटी या दुसऱ्या मापाचा निघाला. एकाला इंचात २८ आटे, दुसऱ्याला २७. दोन-तीन फेरे छान बसतो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की ब्लॉकचे आटे गेलेच. उद्यमनगरात लेथवर पितळी अडॅप्टर करून घेतला, सोबत काटकोनातला एल्बोही, कारण मॅनिफोल्डजवळच्या स्विचवर सरळ तोंड बसतच नाही. हा खर्च किमतीत धरा.

रीडिंग गरम तेलावरच घ्यायचं. पाणी लवकर तापतं, तेल उशिरा. रेडिएटरचा फॅन दोन-तीनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. आपल्याकडे मिस्त्री किलोतच बोलतात : १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) म्हणजे जवळजवळ १ बार, साधारण १४ पीएसआय. ठोकताळा म्हणजे दर हजार आरपीएमला १० पीएसआय. शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

आकड्यापेक्षा सुईची चाल जास्त बोलते. थंड असताना साडेतीन किलो आणि गरम झाल्यावर आयडलला अर्ध्या किलोच्या खाली : तेलाचा ग्रेड चुकलाय, नाहीतर बेअरिंगची फट वाढलीय. रेस दिली तरी सुई जिथल्या तिथे : रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) उघडा अडकलाय किंवा पंप झिजलाय. आधी चढते आणि वरच्या रेसला पडते : पंपाला तेल ओढून देणाऱ्या पाइपच्या तोंडावरची जाळी तुंबलीय. सुई थरथरते : पंप हवा ओढतोय, बहुधा सक्शन पाइपची ओ-रिंग कडक झालीय.

आपल्या रस्त्यांवरचं नेहमीचं कारण म्हणजे स्पीडब्रेकरवर आपटलेला चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं). चेंबरचा तळ आणि जाळी यांत मुळात काही मिलिमीटरचीच जागा असते, पोचा आला की ती बंद होते. असाच एक चेंबर उतरवला तर पोच्याचा ठसा जाळीवर उमटलेला होता, आणि बाकीच्या जाळीवर काहिलीच्या तळाला लागलेल्या गुळासारखा काळा थर. अशा इंजिनात फ्लश घालणं म्हणजे तो थर सोडवून पुन्हा जाळीतच नेऊन बसवणं. चेंबर ठोकून सरळ करण्यापेक्षा नवा लावा. सीलंटची रेघ ३ मिमीच ठेवा, जास्तीचा आत पिळून जाळीवर जातो.

किटच्या तक्रारी. पाचव्या महिन्यात क्विक कपलरची ओ-रिंग गळायला लागली. तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडणं म्हणजे आगीला आमंत्रण. व्हायटॉनची (उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराची) घातल्यापासून ठीक आहे. सुई आता शून्याला येत नाही, २ पीएसआयवर बसते. ४० वाचताना त्याने बिघडत नाही, आयडलचे ८ वाचताना बिघडतं. मुळात ० ते ७ बारची डायल घेतली असती तर खालचे आकडे नीट दिसले असते. आणि करूळ घाटाच्या वळणावरच लाइट लुकलुकते अशी तक्रार असली तर उभ्या गाडीत हे गेज काहीच दाखवत नाही. तिथे लेव्हल आणि जाळीचे बोल्ट बघावे लागतात.

स्विच परत बसवताना टेफ्लॉन दीड फेराच, पहिले दोन आटे मोकळे सोडून. साध्या स्विचला अर्थ आट्यांतूनच मिळतो. टेप जास्त झाली तर लाइट कधीच लागणार नाही, आणि गाडी ठणठणीत आहे असं वाटत राहील. पण चेंबर उघडला असेल तर स्विचची घाई नको, गेज तसंच राहू द्या. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. सुई हलली की मगच फ्यूज जागेवर.