शंभर ग्रॅम मटकीची उसळ, तोंड वाकडं न करता

डोंबिवली पूर्वेला फडके रोडवरून आत वळलं की एका सोसायटीच्या तळमजल्यावर हे पोळी-भाजी केंद्र आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे कागाळ्याही आहेत आणि गल्ल्यावरच्या वहिनींशी मला संबंध टिकवायचेत. तीन वर्षं झाली, आठवड्यातून चार-पाच दिवस दुपारचं जेवण मी तिथूनच आणते. एवढ्या वेळा मी माहेरीही गेलेली नाही.

मी जरा वेगळं गिऱ्हाईक आहे, ते आधी सांगायला हवं. २०१४ मध्ये माझी बायपास झाली. हृदयाची नव्हे, पोटाची. वजन ११८ किलो होतं. जठराचा वरचा छोटासा भाग वेगळा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. सुरुवातीला त्यात जेमतेम ३० मिली मावतं, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन टोपणं. दीड वर्षात मी ७१ वर आले. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे स्वतःचे ब्लाउज दर महिन्याला आत घेत गेले, पण कापड कापलं नाही. माया तशीच आत दुमडून ठेवली. २०१९ नंतर तीच माया एकेक टाका उसवून सोडावी लागली. ७१ चे ८३ झाले.

जेवणाने नाही हो झाले. जेवण अजूनही वाटी-दीड वाटीच जातं. झाले ते मशीनशेजारच्या डब्याने. चिवडा, कुरमुरे, चहात बुडवलेली खारी. पोळीचा घास नीट चावला नाही तर छातीत अडकून बसतो, डोळ्यांतून पाणी येतं, तोंडात लाळ सुटते. खारी मात्र चहाबरोबर अशी सरकते की पोटाला पत्ताच लागत नाही. पाच मिनिटांनी दुसरी मावते. मग तिसरी.

आहारतज्ज्ञ बाईंनी पुन्हा पाढे म्हणायला लावले. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन. ताटात आधी ते खायचं, मग भाजी, जागा उरली तर पोळी. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानंतर. सांगायला सोपं आहे. पण एका माणसासाठी मूठभर मटकी भिजवा, मोड आणा, फोडणी करा, हे रोज कोण करतं? मी अर्धा किलो शिजवायचे आणि टाकवत नाही म्हणून संध्याकाळी पुन्हा तीच खायचे. घरचे रात्री नऊला येतात आणि त्यांना उसळ म्हटलं की कपाळाला आठ्या.

बाहेर तर बोलायलाच नको. ठाण्यात एका अनलिमिटेड थाळीवाल्याकडे आम्ही तिघांत दोन थाळ्या मागितल्या, तर वेटरने भिंतीवरची पाटी दाखवली. मीही पूर्ण पैसे भरले आणि खाल्लं काय, तर अर्धी वाटी पिठलं आणि काकडीच्या दोन चकत्या. वर मॅनेजर येऊन विचारतो, ‘जेवण आवडलं नाही का मॅडम?’

म्हणून या दुकानातला पहिला दिवस मला अजून आठवतो. मी म्हटलं, ‘मटकीची उसळ, शंभर ग्रॅम.’ वहिनींनी काट्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. ‘अहो, पाव किलोच्या खाली कुणी नेत नाही.’

‘मी नेईन. रोज नेईन.’

त्यांनी डाव परत पातेल्यात टेकवला, थोडी उसळ खाली ओतली, उरलेली डब्यात घातली. काटा १०४ वर थांबला. ‘असू देत चार ग्रॅम,’ म्हणाल्या. आता मी रांगेत दिसले की विचारतातही नाहीत.

आता पदार्थ. पिठलं सगळ्यांत उत्तम. पळीवाढं, लसणाची फोडणी वेगळी कळते, आणि घशाखाली विनातक्रार उतरतं. झुणका चवीला त्याहून सरस आहे, पण कोरडा. माझ्यासारख्यांनी दह्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. गुरुवारचं थालीपीठ माझ्या दोन वेळा भागवतं. पोळी पातळ, घडीची, संध्याकाळपर्यंत मऊ. १२ रुपयांना एक. मी अर्धी खाते, अर्धी कधी कधी खिडकीतल्या कावळ्याला.

आमटीला मात्र तीन गुण. तिच्यात डाळ शोधावी लागते. ज्याला एका वाटीत सगळं प्रोटीन बसवायचंय त्याने पाण्याने वाटी का भरावी? पनीरच्या भाजीचंही तेच. नाव पनीरचं, रश्श्यात तुकडे चार. आणि उसळीवर तेलाचा तवंग असतो, तो मी वरून काढून टाकते.

मोठी तक्रार गुळाची. गोडा मसाला आणि गूळ ही इथली शान आहे, मान्य. पण माझं पोट गोड सरळ आतड्यात ढकलतं. भाचीच्या साखरपुड्यात आग्रहाला भुलून वाटीभर श्रीखंड खाल्लं होतं. वीसेक मिनिटांत छाती धडधडायला लागली, ब्लाउज पाठीला चिकटला, पोटात पिळवटायला लागलं. बाकीचे फोटो काढत होते आणि मी आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर आडवी. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. उसळीतल्या गुळाने एवढं होत नाही, पण नंतर अंग गळून जातं. वहिनींना हे सांगितल्यापासून त्या गूळ घालायच्या आधी माझ्यापुरती उसळ बाजूला काढतात. हा उपकार आहे, सेवा नव्हे, आणि वहिनी गावाला गेल्या की दुकानात हे कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरी तक्रार सुट्ट्या पैशांची. पाच रुपये नाहीत म्हणून चिवड्याची पुडी हातावर ठेवायची यांना सवय. बाकीच्यांना गंमत वाटते, माझे बारा किलो असेच चढलेत. आता मी फोनवरूनच पैसे देते.

‘रोज कडधान्यं खातेस, मग गोळ्या कशाला?’ असं शेजारणी विचारतात. अहो, या बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषलं जातं तोच आतड्याचा भाग वगळलेला असतो. उसळीवर लिंबू पिळते मी, पण तेवढ्याने काय होतं. लोह, कॅल्शियम सायट्रेट, बी १२, ड जीवनसत्त्व जन्मभर आहेत, आणि लोह-कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर. २०२१ मध्ये कंटाळा करून सगळं बंद केलं होतं. हिमोग्लोबिन ८.६ वर आलं आणि बोटांना अशा मुंग्या यायच्या की सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलाला हाक मारायचे. तेव्हा वर्षाला रक्ततपासणी ही पोळी-भाजीच्या खर्चात धरूनच ठेवा.

वजन ८३ वरून ७६-७७ वर आलं आणि गेली दोन वर्षं तिथेच आहे. ७१ परत दिसणार नाही, आणि मी त्याची वाटही बघत नाही. सगळं श्रेय दुकानाचं नाही. मशीनशेजारच्या डब्यात आता हुक आणि बटणं असतात.

पाचपैकी चार. आमटी सुधारली तर साडेचार.

सोमवारी बंद. साडेबारानंतर उसळ संपते, चतुर्थीला मिळतच नाही. स्वतःचा डबा नेलात तर तो काट्यावर ठेवून आधी शून्य करायला सांगा. माझा स्टीलचा डबा ९० ग्रॅमचा आहे, आणि नवीन मुलाने एकदा डब्यासकट मोजून मला दहा ग्रॅम उसळ दिली होती. घरी येऊन झाकण उघडलं तेव्हा कळलं.