इंग्रजी शिकवणाऱ्यांनी इंडोनेशियाची मोफत जर्नल्स वाचावीत

पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, शोधनिबंधावर क्लिक केलं की पीडीएफ उघडते. ‘टेफलिन जर्नल’ आणि ‘इंडोनेशियन जर्नल ऑफ अप्लाइड लिंग्विस्टिक्स’ ही दोन नियतकालिकं आणि ‘गरुडा’ नावाचं इंडोनेशियाचं संशोधन-पोर्टल मी बऱ्याच काळापासून नेमाने वापरते आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या लोकांत यांचं नाव कुणाकडून ऐकलं नाही, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहिते.

मी इंदूरला लोकमान्य नगरात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचे इंग्रजीचे वर्ग घेते. काही मुलं मराठी घरांतली, बाकीची घरी हिंदी-माळवी बोलणारी, शाळा जवळपास सगळ्यांची हिंदी माध्यमाची. या मुलांना कसं शिकवावं म्हणून पुस्तकं शोधायला गेलं की मिळतात ती ब्रिटनमध्ये छापलेली. त्यांतल्या वर्गात डझनभर शिकाऊ असतात, प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की रस्ताभर इंग्रजी. आमच्याकडे वर्ग सुटला की इंग्रजी संपलं.

इंडोनेशियातल्या मुलाचं असंच आहे. घरी जावानीज किंवा सुंदानीज, शाळेत आणि बाजारात इंडोनेशियन, आणि इंग्रजी तिसरी. त्या देशात 700 च्या वर भाषा आहेत. आमच्या इंदूरच्या रामबागेतलं मराठी पोर घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वहीत इंग्रजी असं जगतं, त्याच्याशी हे थेट जुळतं. वर्ग गच्च भरलेला, मास्तरांचं स्वतःचं बोलणं अडखळतं, आणि पोरं तोंड उघडायला घाबरतात, हेही तसंच.

‘टेफलिन’ ही तिथल्या इंग्रजी शिक्षकांची संघटना. तिचं जर्नल मलांगच्या सरकारी विद्यापीठातून निघतं, वर्षाला दोन अंक, जानेवारी आणि जुलै. दुसरं बांडुंगच्या शिक्षण विद्यापीठाचं, त्याचे वर्षाला तीन अंक. दोन्ही इंग्रजीत आहेत, भाषा बहुतेक ठिकाणी सरळ. ‘गरुडा’वर मात्र सगळ्या दर्जाचा माल एकत्र असतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मजकूर-प्रकारांवरच्या लेखनाचा. 2004 च्या अभ्यासक्रमापासून इंडोनेशियाने इंग्रजी शिकवणं मजकुराच्या प्रकारांवर उभं केलं: वर्णन, घडलेली हकिगत, गोष्ट, कृती, अहवाल. मूळ विचार ऑस्ट्रेलियातला, सिडनीकडच्या भाषाशास्त्रज्ञांचा, पण तो आशियातल्या भरगच्च वर्गात कसा उतरवायचा यावर बांडुंगच्या एमी एमिलिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. चार पायऱ्या असतात. आधी विषयाची माहिती गोळा करायची, मग एक नमुना मजकूर उकलून पाहायचा, मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर एक मजकूर लिहायचा आणि शेवटी प्रत्येकाने आपापला. आपल्याकडे तिसरी पायरी गायब असते. नमुना दाखवला की लगेच ‘आता घरून लिहून आणा’.

ती तिसरी पायरी मी ‘कृती’ या प्रकारासाठी पोह्यांवर करून पाहिली. खडू माझ्या हातात, वाक्यं मुलांची. ‘वॉश द पोहा’, ‘ड्रेन द वॉटर’ इथपर्यंत सगळे एकमताने आले आणि मग भांडण जुंपलं. मराठी घरातली एक मुलगी म्हणाली, आता तेलात मोहरी आणि कांदा. मागच्या बाकावरचा मुलगा, जो एरवी हजेरीपलीकडे बोलत नाही, उठून म्हणाला, ‘नो मॅडम, नो फ्राय, स्टीम!’ त्याच्या वडिलांचा पोह्यांचा ठेला आहे, तिथे पोहे वाफेवरच ठेवलेले असतात. ‘फर्स्ट सेव, देन जिरावन’ (जिरावन म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला) हेही त्याने ठणकावून सांगितलं. शेवटी फळ्याचे दोन भाग केले, एकीकडे घरचे कांदेपोहे, दुसरीकडे इंदुरी पोहे. ‘आफ्टर दॅट’, ‘अंटिल’, ‘बिफोर’ हे शब्द वाद जिंकण्यासाठी लागले म्हणून मुलांनी वापरले. तेच शब्द रिकाम्या जागा भरून मी आधी शिकवले होते, तेव्हा पुढच्या आठवड्यात कुणाला आठवले नव्हते. हे घडलं ते त्या निबंधांत वर्गातल्या बोलण्याचे उतारे जसेच्या तसे छापलेले असतात म्हणून. शिक्षक काय विचारतो, पोरगं काय अर्धवट बोलतं, शिक्षक ते कसं पुरं करतो, सगळं ओळीओळीने दिसतं. असे उतारे असलेला एक निबंध मला सैद्धांतिक दहा निबंधांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

बोलण्याच्या भीतीवर तिथे ढीगभर संशोधन आहे. बहुतेक जण 1986 मध्ये अमेरिकेत एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली 33 विधानांची प्रश्नावली वापरतात. त्याच त्या प्रश्नावलीचा कंटाळा येतो खरा, पण ती स्वतःच्या वर्गात वापरून बघण्यासारखी आहे. मी त्यातली मोजकी विधानं सोप्या हिंदीत करून, नाव न लिहिता खुणा करायला दिली. ‘मी इंग्रजी बोलले की बाकीचे हसतील’ यावर वर्गातल्या सर्वांत हुशार मुलींनीही होकाराची खूण केली होती. कागदावर नावं नव्हती, पण अक्षर ओळखू येतं. तेव्हापासून कुणालाही थेट उभं करून बोलायला लावत नाही. आधी शेजारच्याशी बोलायचं, मग चौघांत, मग सगळ्यांपुढे.

इंग्रजी का शिकायचं, या प्रश्नावर लीड्स विद्यापीठाच्या मार्टिन लँब यांचं सुमात्रातलं काम मला फार जवळचं वाटतं. ते या जर्नल्सच्या बाहेर छापलेलं आहे, पण त्याचे दाखले इथे वरचेवर भेटतात. 2004 च्या निबंधात त्यांनी शहरी शाळेत नुकत्याच सातवीत आलेल्या मुलांशी बोलून दाखवलं की या मुलांना ‘इंग्रज’ व्हायचं नाही आणि फक्त नोकरीही नको आहे. त्यांना जगात वावरणारे इंडोनेशियन व्हायचं आहे. 2013 च्या निबंधात ते खेड्यातल्या मुलांकडे वळले. हौस तिथेही तितकीच, पण घरी मदत करणारं कुणी नाही आणि शिकवणी परवडत नाही किंवा जवळपास नाहीच. हे वाचल्यावर पालकसभेत मी ‘घरी सराव करून घ्या’ हे वाक्य बोलणं बंद केलं. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिच्यावर तो भार का टाकायचा? सराव वर्गातच व्हायला हवा.

आता जे आपल्या कामाचं नाही त्याबद्दल. चुकांच्या याद्या देणारे निबंध सरळ सोडून द्यावेत. इंडोनेशियन भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे, त्यामुळे तिथली मुलं भूतकाळात आणि ‘ही-शी’मध्ये अडखळतात. आपली मुलं तिथे एवढी अडखळत नाहीत. फक्त ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ची रड दोन्हीकडे सारखी, तेवढा भाग वाचावा. आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. तिथे इंग्रजी ही परदेशी भाषा आहे. कोर्टात, कचेरीत तिची गरज पडत नाही. 2013 च्या अभ्यासक्रमात तर ती प्राथमिक शाळेतून सक्तीचा विषय म्हणून बाहेर गेली, आणि आता 2027-28 पासून तिसरीपासून परत आणायचं ठरलं आहे. आपल्याकडे इंग्रजीवर नोकरी आणि अ‍ॅडमिशन अडतं, आणि त्याचा दबाव मुलांच्या मानेवर असतो. म्हणून तिथले प्रेरणेचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत.

खरी तक्रार आहे ती ‘गरुडा’वर सापडणाऱ्या लहान-लहान जर्नल्सबद्दल. वर्गातल्या कृतिसंशोधनाचे, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्याच वर्गात करून पाहिलेल्या प्रयोगांचे, तिथे असंख्य निबंध आहेत आणि सगळे एकाच साच्यातले: अमुक खेळाने किंवा अमुक अ‍ॅपने आठवीच्या बोलण्यात सुधारणा. योजना, कृती, निरीक्षण, चिंतन असं एक चक्र, मग दुसरं, आणि दुसऱ्याच्या शेवटी वर्ग उत्तीर्णतेच्या रेषेवर. एकच वर्ग, थोडेच आठवडे, शिकवणाराच परीक्षक. फसलेला प्रयोग कुणी छापत नाही, आणि मला तोच वाचायचा असतो. काही साइट दिवसभर उघडत नाहीत. धड्याची आखणी, वापरलेले कागद बहुतेकदा दिलेलेच नसतात, मग दुसऱ्या शिक्षकाने करून कसं बघायचं?

तरीही त्या ढिगात रत्नं आहेत. पूर्व जावातल्या पारे गावावरचे निबंध बघा. गोंतोरच्या निवासी धार्मिक शाळेत शिकलेल्या कालेंद ओसेन यांनी 1977 मध्ये तिथे एक इंग्रजी कोर्स काढला. आज त्या भागाला ‘इंग्रजीचं गाव’ म्हणतात. शंभराहून जास्त कोर्स, सायकलवरून वर्गाला जाणारी मुलं, आणि खोलीवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं अशी वसतिगृहं. सुटीत महिनाभर येणाऱ्या मुलांचं बोलणं तिथे कशामुळे सुटतं, हे शोधणारे निबंध मी मन लावून वाचले. वर्गापेक्षा वसतिगृहातल्या नियमांवर लिहिलेला भाग जास्त कामाचा आहे. शाळा सुरू होण्याआधी 15 मिनिटं अवांतर वाचनाचा तिथला सरकारी उपक्रमही असाच उचलण्याजोगा आहे. माझ्या वर्गात पहिली 15 मिनिटं आता पातळ, चित्रांच्या इंग्रजी गोष्टींची असतात, त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘टेफलिन’चे अलीकडचे दोन-तीन अंक आधी चाळावेत. ‘गरुडा’वर शोधताना इयत्तेप्रमाणे शब्द टाका: सातवी ते नववीला तिथे ‘एसएमपी’ म्हणतात, दहावी ते बारावीला ‘एसएमए’, व्यवसाय-शिक्षणाच्या शाळांना ‘एसएमके’. जर्नलचा सरकारी दर्जा ‘सिंता’ या यादीत 1 ते 6 असा असतो. 1 आणि 2 पासून वाचायला घ्या. निबंध उघडल्यावर आकडेवारीचे तक्ते ओलांडून थेट वर्गातले उतारे आणि मुलांच्या मुलाखती गाठा. ते नसतील तर निबंध बंद करा. बीएडच्या विद्यार्थ्यांना, शिकवणी घेणाऱ्यांना आणि हिंदी-मराठी माध्यमाच्या शाळांतल्या शिक्षकांना मी हे मनापासून सुचवते. आयते धडे हवे असतील त्यांचं मात्र इथे समाधान होणार नाही.