वूस्टर रेड सॉक्सची टोपी, नागपूरच्या उन्हात

मी क्लब क्रिकेटची स्कोअरर. म्हणायला मंडपाखाली बसते, पण जेवणाच्या सुट्टीनंतर सावली सरकते आणि ऊन थेट स्कोअरबुकावर येतं. त्यामुळे टोपी माझ्यासाठी मिरवायची वस्तू नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या भाच्याने तिथल्या वूस्टर शहराच्या, वूस्टर रेड सॉक्स या बेसबॉल संघाची टोपी पाठवली. गडद निळी, समोर बॅट फिरवणारा हसरा गोळा.

भरतकाम एक नंबर. नखाने ओढलं तरी धागा हलत नाही, आतले टाकेही साफ. पुढची कड ताठ आणि आपल्या क्रिकेटच्या टोपीपेक्षा बोटभर लांब, त्यामुळे डोळे बारीक न करता पेन्सिलीची रेघ दिसते. कापड मात्र लोकरीच्या मिश्रणाचं. त्यांच्याकडे एप्रिलात गारठा असतो, आपल्याकडे एप्रिलात डोकं शिजतं. शिवाय ही ठरावीक मापाची, मागे पट्टी नाही. अंबाडा पार मानेवर उतरवावा लागतो, तेव्हा कुठे ती बसते.

भाच्याला फोनवर म्हटलं, संघ छान दिसतोय रे तुमचा. तर म्हणे, "मावशी, हा संघ इथला नाहीच. पॉटकेटहून उठून आलाय."

तिथून मी टोपी सोडून संघाच्याच मागे लागले. बॉस्टन रेड सॉक्स हा मोठा संघ, आणि हा त्याच्या खालचा, तयार होणाऱ्या खेळाडूंचा. पगार बॉस्टन देतं, मैदान आणि तिकिटं संघाचा वेगळा मालक सांभाळतो. म्हणूनच असा संघ गाव बदलू शकतो. आधी टोरांटो, १९६८ पासून लुइव्हिल, १९७३ पासून ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट. हे कापड गिरण्यांचं गाव, म्हणजे आपल्या एम्प्रेस मिलच्या नागपूरला ओळखीचं वाटावं असं. मध्ये संघ डबघाईला आला, १९७७ मध्ये बेन मोंडोर यांनी विकत घेऊन सावरला आणि २०१० मध्ये ते वारेपर्यंत तो तिथेच राहिला.

त्या गावाच्या मॅकॉय स्टेडियमवर जे घडलं ते वाचून माझी झोप उडाली. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री रॉचेस्टरविरुद्ध सामना सुरू झाला. बेसबॉलच्या इनिंग नऊ, बरोबरी असेल तर पुढे चालू. हा चालतच राहिला. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेक घेतला. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, बत्तीस इनिंगनंतर, २-२ वर थांबवला तेव्हा प्रेक्षक उरले होते एकोणीस. उरलेला खेळ २३ जूनला झाला आणि तेहेतिसाव्या इनिंगमध्ये अठरा मिनिटांत पॉटकेट ३-२ ने जिंकलं. एकूण वेळ आठ तास पंचवीस मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांब सामना. पुढे दिग्गज झालेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन त्यात समोरासमोर होते. मला मात्र त्या रात्रीच्या स्कोअररचीच काळजी. नऊ रकान्यांच्या कागदावर तेहेतीस कुठे कोंबले असतील बिचाऱ्याने?

२०१५ मध्ये संघ नव्या मालकांकडे गेला. त्यांना नवं स्टेडियम हवं होतं. सरकारने किती भार उचलायचा यावर ऱ्होड आयलंडमध्ये घोळ चालू राहिला, तिकडे वूस्टरने बोली लावली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये स्थलांतर जाहीर झालं. अंतर आपल्या नागपूर-वर्ध्याएवढं. निरोपाचा २०२० चा हंगाम कोविडने गिळला, म्हणजे शेवटचा सामनाही नशिबी नाही. मे २०२१ मध्ये वूस्टरला पोलर पार्क हे नवं स्टेडियम उघडलं. मॅकॉय पाडून तिथे शाळा उभी राहतेय.

आमच्याकडेही २००८ मध्ये मोठे सामने सिव्हिल लाइन्सहून वर्धा रोडवर जामठ्याला गेले. सायकलने मॅचला जाणाऱ्यांची पंचाईत झाली, ती झालीच. पण संघ विदर्भच राहिला, आणि सिव्हिल लाइन्सचं मैदानही उभं आहे. १९८७ च्या वर्ल्ड कपात चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरांचं वन-डेतलं एकुलतं एक शतक जिथे झालं, तिथे अजूनही रणजीची मॅच बघता येते. पॉटकेटवाल्यांना एवढंही उरलं नाही.

म्हणून तो हसरा गोळा आधी माझ्या डोक्यात गेला. दुसऱ्याचा संघ नेऊन वर हसता कसले? मग कळलं, हा गोळा ज्यावर बेतलाय ते पिवळं हसरं 'स्मायली' चित्र १९६३ मध्ये हार्वे बॉल या वूस्टरच्याच चित्रकाराने काढलं, आणि त्याला मिळाले फक्त पंचेचाळीस डॉलर. म्हणजे हसू तरी त्यांच्या घरचं आहे. तिथे माझी तक्रार मागे.

तर, पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण उन्हाने कापला, एक अंबाड्याने. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या मॅचला खुशाल घाला. मे महिन्यात पांढरा सुती दुपट्टाच बरा, तो सीताबर्डीच्या बाजारात कुठेही मिळतो. घेणारच असाल तर मागे पट्टी असलेली मागवा, आणि मशीनमध्ये अजिबात टाकू नका. समोरचा बकरम एकदा वाकला की सरळ होत नाही. भाच्याला सांगून ठेवलंय, पॉटकेटची जुनी दिसली तर माझ्यासाठी उचल. माप जरा मोठंच बघ म्हणावं.