जुना स्विच घेताना मी कुठं फसलो

मे महिन्याची सुट्टी लागली आणि पोरानं तगादा लावला. त्याचा मावसभाऊ पुण्यात, त्याच्याकडं निंटेंडो स्विच, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल. तो तिकडून, हा इकडून, अशी रोज रात्री मारिओ कार्टची शर्यत लावायची दोघांची इच्छा. नव्याची किंमत ऐकून मी गप्प बसलो आणि जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळायला लागलो.

एक सापडली. 11,000 रुपये, सोबत डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड), दोन जॉय-कॉन (हातात धरायचे कंट्रोलर) आणि 'चाळीस गेम आत भरलेले'. विकणारा संध्याकाळी रंकाळ्यावर भेटला. पंचविशीचा पोरगा, बोलायला गोड. "काका, एकेक गेम चार-पाच हजाराला पडतोय. हितं चाळीस हायत, फुकट. बिनघोर न्या, काय झालं तर मी हाय की."

भेळेच्या गाडीशेजारी बसून माझ्या पोरानं दहा मिनिटं गेममधली गाडी पळवली. स्क्रीनवर ओरखडा नाही, बटणं ठीक. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून बघावं हे मला सुचलंच नाही. खरं सांगतो, चाळीस गेम ऐकल्यावर माझं डोकं तिथंच थांबलं होतं.

वर त्यानं ऑनलाइनचा पासही गळ्यात मारला. स्विचवर बहुतेक विकतचे गेम इंटरनेटवरून इतरांशी खेळायचे तर वेगळी वर्गणी लागते. सप्टेंबर 2018 पासून तसा नियम आहे. अमेरिकेतल्या खात्याला एकट्याची वर्षाची वर्गणी साधारण 20 डॉलर. हा म्हणाला, 1,200 रुपयांत वर्षभर. आणि दिली की! फॅमिली वर्गणीत आठ खाती बसतात, त्यातल्या एका जागी त्यानं आमच्या पोराचं खातं घातलं. ज्यानं तो ग्रुप केलाय तो कुणालाही कधीही बाहेर काढू शकतो, हे मला नंतर कळलं.

रात्री पुण्याला फोन लावून दोघं तयार बसले. ऑनलाइनचं बटण दाबलं, आणि समोर आकडा आला: 2124-4007. या कन्सोलवर ऑनलाइन सेवा वापरण्यावर निर्बंध आहेत, असा त्याचा अर्थ. पण मी राउटरलाच दोष देत बसलो. दोन दिवस राउटर बंद-चालू केला, नेटवाल्याला घरी बोलावलं, त्याला दोन शब्द सुनावलेसुद्धा. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

उलगडा झाला राजारामपुरीत, पोराच्या मित्राच्या घरी. त्याच्या स्विचवर आमचं खातं उघडलं, तर पहिल्या झटक्यात बारा जणांची शर्यत सुरू. मग त्याचं खातं आमच्या यंत्रावर टाकलं. पुन्हा तोच आकडा. म्हणजे खातं साफ, यंत्रच बॅन.

सुरुवातीच्या स्विचमधल्या चिपचा एक दोष एप्रिल 2018 मध्ये जाहीर झाला. तो अपडेटनं दुरुस्त होण्यासारखा नव्हता. त्या वाटेनं लोक चोरीचे गेम घालतात. पुढच्या मॉडेलांत वेगळी चिप बसवून तेच करतात. असं यंत्र इंटरनेटला जोडलं आणि कंपनीच्या लक्षात आलं, की बंदी त्या यंत्रावरच बसते. फॅक्टरी रिसेट करा, नवं खातं काढा, उपयोग शून्य. ज्या चाळीस गेमना मी भुललो, ते घालण्यापायीच हे यंत्र बाद झालं असणार.

विकणाऱ्याला फोन केला. जराही न अडखळता म्हणाला, "अनबॅन करून देतो काका, 2,000 पाठवा." आणि मी पाठवले! घरात अजून यावरून टोमणे ऐकतोय. त्याच संध्याकाळी नंबर बंद, आणि पोराचं खातंही फॅमिली ग्रुपमधून बाहेर. एकूण 14,200 गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, यूपीआयचे व्यवहार क्रमांक दिले. पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही जुना घेणार असाल तर पैसे देण्याआधी आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावा, आपलं खातं टाका आणि ई-शॉप, म्हणजे निंटेंडोचं ऑनलाइन दुकान, उघडा. विकणारा घाई करेल, 'हितं रेंज न्हाई' म्हणेल; रेंज असेल तिथं त्याला घेऊन जा. अल्बमही उघडून बघा. फोटोंच्या जागी भलतीच यादी आली, तर यंत्र छेडलेलं आहे. वर्गणी मात्र स्वतःच्या खात्यावर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मावसभाऊ परवा कोल्हापूरला आला, स्वतःचा स्विच घेऊन. दोघं एकाच खोलीत लोकल वायरलेसवर खेळले. त्याला ना इंटरनेट लागतं ना वर्गणी. ते खेळत होते तेव्हा मी सहज जाहिराती बघत होतो. नवं नाव, नवा नंबर, पण फोटोत खाली अंथरलेली निळ्या फुलांची चादर तीच. 'पन्नास गेम फुकट, ऑनलाइन चालू.' फोटो जपून ठेवलाय, उद्या तक्रारीला जोडतोय.