गेटच्या मोटरसाठी शेली प्लस १: अर्ध्या सेकंदाचं काम, पण चोख

पाचगणी-महाबळेश्वरकडच्या बंगल्यांना मी सरकत्या गेटच्या मोटरी बसवतो. राहायला वाईत, त्यामुळे पसरणी घाट रोजचाच. बंगल्यांचे मालक बहुतेक मुंबई-पुण्याचे. मागे केअरटेकर असतो, तोही कधी बाजारात, कधी गावाला. म्हणून मालकांची मागणी ठरलेली: ‘गॅसवाला आला, पाहुणे आले, तर गेट आम्हाला तिकडून फोनवर उघडता आलं पाहिजे.’ मोटरच्या बोर्डाला वायफायचा रिले, म्हणजे फोनवरून चालू-बंद होणारा छोटा स्विच, जोडला की ते जमतं. या कामासाठी मी हल्ली शेली कंपनीचा प्लस १ हा रिले सुचवतो. मात्र तो बसवण्यापेक्षा त्याचं सेटिंग महत्त्वाचं आहे, आणि माहितीपत्रक न वाचता बसवणारे बरेच वायरमन तिथेच चुकतात.

आधी गेटच्या मोटरला काय लागतं ते बघा. तिच्या बोर्डावर ‘स्टार्ट’ आणि ‘कॉमन’ अशी दोन टोकं असतात. ती क्षणभर एकमेकांना टेकवून सोडली की गेट उघडायला लागतं. बऱ्याच बोर्डांवर पुन्हा टेकवलं की ते थांबतं, आणि आणखी एकदा टेकवलं की बंद व्हायला लागतं. दाराच्या बेलचं बटण दाबतो तसंच हे: दाबायचं आणि सोडायचं. त्या टोकांना बाहेरून वीज द्यायची नसते. तिथे २३० व्होल्ट गेले तर बोर्ड जळतो, आणि बोर्डाची किंमत रिलेच्या कितीतरी पट असते.

शेली प्लस १ इथेच उपयोगी पडतो. याचा कॉन्टॅक्ट ड्राय आहे, म्हणजे त्यातून स्वतःहून वीज येत नाही. ‘आय’ आणि ‘ओ’ ही टोकं त्याच्या स्वतःच्या सप्लायपासून वेगळी आहेत, ती नुसती जुळतात आणि सुटतात. ऑर्डर देताना नाव नीट वाचा. याच कंपनीचा प्लस १पीएम दिसायला जवळपास तसाच आहे आणि विजेचा वापरही मोजतो, पण त्याच्या आउटपुटला थेट मेनची लाइन येते. दिव्याला किंवा गीझरला तो छान, गेटच्या बोर्डाला अजिबात नको.

आता सेटिंग. टेकवून सोडण्यातलं ‘सोडणं’ कोण करतं, हा खरा प्रश्न आहे. अनेक जण फोनच्या ॲपमध्ये सीन बनवतात: चालू कर, एक सेकंद थांब, बंद कर. घरात बसून बघितलं तर ते चालतंही. पण एका बंगल्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी स्विचवर असा सीन लावलेला होता, आणि ‘चालू’ पोचल्यावर नेमकं इंटरनेट गेलं. ‘बंद’ आलंच नाही. कॉन्टॅक्ट जुळलेला राहिला. बोर्डाला वाटलं कोणीतरी बटण दाबूनच धरलंय, म्हणून तो रिमोटचंही ऐकेना. भर पावसात केअरटेकरने किल्ली लावून मोटर मोकळी केली आणि गेट हाताने ढकललं.

शेलीत यासाठी ‘ऑटो ऑफ’ आहे आणि ते रिलेच्या आत चालतं. एकदा ०.५ सेकंद भरून ठेवलं की चालू करायची आज्ञा कुठूनही येवो, ॲपवरून, क्लाउडवरून की भिंतीवरच्या बटणावरून, अर्ध्या सेकंदाने तो स्वतःच कॉन्टॅक्ट सोडतो. मधे इंटरनेट गेलं तरी फरक पडत नाही. बहुतेक बोर्डांना अर्धा सेकंद पुरतो. बोर्डाने ओळखलंच नाही तर एक सेकंद करा, त्याहून वाढवत नेऊ नका, कारण काही बोर्ड लांब दाबण्याचा वेगळा अर्थ लावतात. विजेवर उघडणाऱ्या कुलपाला मात्र दोन-तीन सेकंद द्यावे लागतात, दार ढकलायला माणसाला वेळ हवा. तिथेही ऑटो ऑफ हवाच, कारण अशा बऱ्याच कुलपांची कॉइल सतत वीज दिली तर तापते.

दुसरं सेटिंग आमच्या भागात जीव की प्राण आहे: वीज परत आल्यावर रिलेने कोणत्या स्थितीत यायचं. ते ‘ऑफ’ ठेवा. पावसाळ्यात इकडे लाइट दिवसातून कितीदा जाते याचा नेम नाही. ते ‘ऑन’वर राहिलं, तर मध्यरात्री लाइट आल्याबरोबर रिले एक पल्स देणार, म्हणजे क्षणभर बटण दाबल्यासारखं करणार, बंगला रिकामा असला तरी गेट उघडणार. हे मी प्रत्येक ठिकाणी मेन स्विच बंद-चालू करून तपासतो, तोवर शिडी गाडीत ठेवत नाही.

सप्लाय मी १२ व्होल्ट डीसीचा देतो. हा रिले २३० व्होल्टवरही चालतो, पण मग त्याच्या ‘एसडब्ल्यू’ टोकावरही, म्हणजे बाहेरचं बटण जोडायच्या इनपुटवरही, मेनचं व्होल्टेज असतं. गेटवर आमच्याकडे सगळं ओलं. शिवाय त्याच टोकाला मी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच) जोडतो आणि इनपुट ‘डिटॅच्ड’ करतो. म्हणजे इनपुटचा रिलेशी संबंध तुटतो, आणि गेट पूर्ण बंद आहे की नाही एवढंच ते फोनवर दाखवतं. याशिवाय काम अपुरं आहे. पल्स देणाऱ्या रिलेला गेटची स्थिती कळत नाही, तो फक्त बटण दाबतो. नेट हळू असलं की मालक दोनदा दाबतात आणि गेट अर्ध्यात थांबतं. समोर ‘बंद’, ‘बंद नाही’ दिसलं की हात आवरतो.

काही गोष्टी विकत घेण्याआधीच माहीत असाव्यात. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं लागतं. रिले पाण्यात टिकणारा नाही, त्याला आयपी६५चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारा, प्लास्टिकचा डबा घ्या. पत्र्याच्या पेटीत ठेवाल तर सिग्नल मरतो. सेटिंग झालं की त्याच्या सेटिंगच्या पानाला पासवर्ड लावा आणि त्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर गेटबाहेर उभा असलेला कोणीही त्याला जोडला जाईल.

पैसे कमी असतील तर सोनॉफ कंपनीचे रिले बघा. त्यांच्या ॲपमध्ये ‘इंचिंग’ नावाने हेच काम होतं, ०.५ सेकंदापासून पुढे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने. तेही रिलेतच साठतं. फक्त ड्राय कॉन्टॅक्टचंच मॉडेल निवडा. त्यांचा साधा ‘मिनी’ आउटपुटला मेनची लाइन देतो.

आणि फोटोसेल (वाटेत कोणी आलं की गेटला थांबवणारा किरणांचा सेन्सर) बसवल्याशिवाय फोनवरून गेट बंद करायची सोय मी कुणालाच देत नाही. मुंबईतल्या माणसाला गेटच्या वाटेत माळ्याचं पोर उभं आहे की कुत्रं, हे दिसत नाही. मालकांनी खर्चाची कुरकुर केली तर मी रिले बसवायचंच नाकारतो.