ज्या टॅपेटला सेटिंगच नाही, त्याचे पैसे

2021 च्या नव्या मॉडेलच्या आधीची रॉयल एनफिल्डची क्लासिक 350, म्हणजे यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनवाली, तुमच्याकडे असेल तर गॅरेजला जाण्याआधी हे वाचा.

माझी गाडी सकाळी स्टार्ट केली की हेडकडून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, टकटक यायची, गरम झाल्यावर कमी व्हायची. घराजवळच्या गॅरेजवाल्याने स्क्रूड्रायव्हर रॉकर कव्हरला टेकवला, मूठ कानाला लावली आणि निदान केलं, "टॅपेट लूज झालेत." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे भाग; त्यांची फट स्क्रूने जुळवणं म्हणजे सेटिंग. त्याचे 600 रुपये. आवाज खरंच दबला, पण थोड्याच दिवसांत परत आला. मग तो म्हणाला, "दादा, व्हॉल्व्ह गेलेत, हेड खोलावं लागेल." व्हॉल्व्ह, गाइड, मजुरी धरून 9,500. जुने व्हॉल्व्ह मागितले तर म्हणे भंगारात गेले. टकटक मात्र होती तिथेच.

शेवटी बुलेटवरच आयुष्य काढलेल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी टॉर्च मारून हेडचे नट बघितले. एकावरही पान्याचा ओरखडा नाही, गॅस्केटच्या कडेचा वाळका चिखलसुद्धा तसाच. हेड कुणी खोललंच नव्हतं!

आणि सेटिंग? या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ऑइलच्या दाबाने ते स्वतःच फट भरून काढतात, फिरवायला स्क्रूच नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पुशरॉडवर सेटिंग असायचं, त्याच सवयीवर ही मंडळी अजून पैसे काढतात. ऑइल कमी, जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असलं की टॅपेट नीट भरत नाहीत आणि वाजतात. घट्ट ऑइल किंवा अ‍ॅडिटिव्ह ओतलं की आवाज काही दिवस झाकला जातो. माझ्या 600 रुपयांत बहुधा तेवढंच झालं असावं.

मिस्त्रींनी 15डब्ल्यू50 ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाकला, अडकलेला एक टॅपेट बदलला. आवाज गेला. बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरुवातीला थोडी वाजली तर घाबरू नका, असंही ते म्हणाले. सायलेन्सरचा बेंड हेडला जोडतो तिथे काजळी दिसली तर टिकटिक तिथल्या लीकेजचीही असू शकते.

यूसीईचं "टॅपेट सेटिंग" कुणी सांगितलं तर एवढंच विचारा, कुठला स्क्रू फिरवणार ते दाखव.

हेडच्या त्या न खोललेल्या नटांचे फोटो दाखवल्यावर पहिल्या गॅरेजवाल्याने फोन उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार दिली आहे. पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं, त्यामुळे यूपीआयची नोंद आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला हिशेब, एवढाच पुरावा जोडला आहे.