दिल्लीची गाडी कॅरिअरवर टाकून नांदेडला आणली, सर्व्हिस कशी वाटली ते सगळं

दिल्ली पासिंगची सेकंडहँड गाडी घ्यायचं प्रमाण आपल्या मराठवाड्यात लई वाढलंय. नांदेडात कुठल्याही गॅरेजला जा, एखादी तरी डीएल नंबरची गाडी उभी दिसतेच. कारण बहुतेकांना माहितीये, तिकडं डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा आली, 2015 ला एनजीटीनं (राष्ट्रीय हरित लवादानं) आदेश दिला, 2018 ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, तेव्हापासून लोक मुदत जवळ यायच्या आधीच गाडी काढून मोकळे होतात आणि भाव पडतो. गाडी कशी तपासायची, मीटर मागं फिरवलंय का ते कसं ओळखायचं, यावर सगळे बोलतात. पण घेतलेली गाडी घरापर्यंत आणायची कशी यावर नीट कोणी सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू फक्त कॅरिअर सर्व्हिसचा, म्हणजे ट्रकच्या कंटेनरमध्ये घालून गाडी पोचवणाऱ्यांचा, लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही, चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि मला कुणाशी वाद वाढवायचा नाही. बुकिंगच्या आधी मी बऱ्याच जणांकडून भाव मागवले होते, सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकानं सारखीच निघाली.

गाडी म्हणजे 2019 ची पेट्रोल सियाझ. माझा चुलतभाऊ नोएडाला नोकरीला आहे, त्यानं मेकॅनिक नेऊन बघितली, व्यवहार पक्का केला. आता आणायची कशी यावर घरात दोन मतं. अण्णांचं म्हणणं सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीला जायचं आणि गाडी चालवत यायचं, आग्रा-ग्वाल्हेर-झाशी-सागर-नागपूर, मग वर्धा-यवतमाळवरून खाली नांदेड, चौदाशे किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल साडेनऊ-दहा हजाराचं, टोल वेगळा, दोन मुक्काम, जेवणखाण, सोबत दुसरा ड्रायव्हर नेला तर त्याचे पैसे. खर्चाचा हिशोब केला तर कॅरिअरच्या जवळपासच जातो, पण मला काळजी वेगळीच होती. ज्या गाडीचे टायर, क्लच, कूलंट, बेल्ट आपल्याला नीट माहिती नाहीत ती पहिल्याच दिवशी एवढ्या लांब हाणायची, आणि सिवनीच्या जंगलात रात्री काही झालं तर करायचं काय? त्यात फास्टॅग आधीच्या मालकाच्या नावावर. तो त्यानं बंद केला की टोलवर रोख दिले तर दुप्पट आणि यूपीआयनं दिले तर सव्वापट. म्हणून मी कॅरिअरच धरलं.

भाव सांगतो. सेडानला दिल्ली ते नांदेड "डोअर टू डोअर" कोणी 26 हजार सांगितलं, कोणी 30. आणि तेच दिल्ली ते हैदराबाद विचारलं की 18 हजार, वर जीएसटी. एवढा फरक का म्हणून खोदून विचारलं तेव्हा खरा प्रकार कळला. मोठा कंटेनर नांदेडला येतच नाही. दिल्लीवरून हैदराबादला किंवा पुण्याला जातो, तिथं हबवर, म्हणजे कंपनीच्या गाड्या चढवायच्या-उतरवायच्या जागी, गाडी उतरते, आणि तिथून कंपनीचा एखादा ड्रायव्हर ती चालवत तुमच्या दारापर्यंत आणतो. म्हणजे जादाचे आठ-बारा हजार हे अनोळखी माणसानं तुमची गाडी तीनशे किलोमीटर चालवायचे! आणि पुण्याच्या हबवरून पाठवली तर साडेचारशे. डोअर टू डोअर हा शब्द दिल्ली, बंगळूर, हैदराबादवाल्यांसाठी ठीक आहे, आपल्याकडं त्याचा अर्थ असा होतो, आणि हे बुकिंगवाला आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं.

मग नकाशा काढून बसलो. दिल्लीवरून हैदराबादला जाणारा कंटेनर नागपूरनंतर हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल असा नॅशनल हायवे 44 नं जातो. आणि निर्मलवरून भैंसा, भोकर, नांदेड हा सरळ नॅशनल हायवे 61 आहे, सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे आपली गाडी आपल्या घराजवळून हैदराबादला जाणार, आणि आपण तिच्यामागं हैदराबादला जाऊन परत तिला वर आणणार. मी बुकिंगच्या पोराला म्हणलं, भाऊ, पैसे हैदराबादचेच घ्या, पण गाडी निर्मलला बायपासला उतरवून द्या. आधी नाही म्हणला, सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाही म्हणे. मग त्याच्या वरच्या माणसाशी बोललो. तो समजदार निघाला, म्हणला एकाच अटीवर जमंल, तुमची गाडी कंटेनरमध्ये सगळ्यात शेवटी चढली पाहिजे, कारण मधली गाडी काढायची तर मागच्या सगळ्या उतरवाव्या लागतात आणि तसं ड्रायव्हर रस्त्यात करणार नाही. बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, "निर्मल येथे डिलिव्हरी" असं पेनानं लिहून शिक्का मारून दिला. या एका गोष्टीसाठी मी या कंपनीला मनापासून चांगलं म्हणतो, बाकीच्यांनी ऐकूनच घेतलं नव्हतं.

आता गाडी सोपवताना काय केलं ते नीट वाचा, पुढं कामाला येतं. चुलतभावाला सांगितलं होतं की गाडी आधी धुऊन घे, धुळीच्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत. मग दिवसाच्या उजेडात चारी बाजूनं, टपावरून, खालून, आतून सलग एक व्हिडिओ, मीटरचं रीडिंग दिसेल असा. पेट्रोल पाव टाकीच्या खाली. स्टेपनी, जॅक, पाना, म्युझिक सिस्टीम याची नोंद त्यांच्या कंडिशन शीटवर, आणि त्या शीटवर न्यायला आलेल्या ड्रायव्हरची सही. दुसरी चावी आणि ओरिजिनल आरसी गाडीत ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायच्या. आपले लोक काय करतात, गाडी येतेच आहे तर डिकीत चार सामानं भरून देतात, तसं अजिबात करू नका, ट्रान्झिट इन्शुरन्स, म्हणजे वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा, सामानाला लागत नाही आणि हरवलं तर कुणी ऐकत नाही.

इन्शुरन्सवरून आठवलं. ट्रान्झिट इन्शुरन्सच्या नावाखाली जे पैसे घेतात त्याची पॉलिसी किंवा सर्टिफिकेट मागून घ्या, नुसत्या बिलावरच्या ओळीवर विश्वास ठेवू नका. आणि बिल्टीवर गाडीची किंमत लिहून घ्याच. 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आहे, त्यात वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते, किंमत जाहीर करून जास्तीचा धोका त्याच्या अंगावर टाकला असेल तरच पुढं बोलायला जागा राहते. नुकसान झालं तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर भांडत बसून मुदत घालवलेले लोक मी बघितलेत, वाईट वाटतं.

पुढचा भाग मात्र या सर्व्हिसचा सगळ्यात कच्चा. "सर गाडी निघाली" असा मेसेज आला, घरात सगळे खूश, आईनं पूजेचं सामानसुद्धा आणून ठेवलं, आणि ट्रॅकिंगची लिंक उघडली की गाडी हरियाणात एकाच जागी उभी. फोन केला की दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सांगायचं. शेवटी चुलतभाऊ स्वतः हबवर गेला तेव्हा कळलं की कंटेनर भरल्याशिवाय हलत नाही, सात-आठ गाड्या जमल्या की मग सुटतो, आणि ते "निघाली" म्हणजे नोएडावरून हबवर निघाली. हे धंद्याचं गणित आहे, अर्धा रिकामा कंटेनर एवढ्या लांब कोण नेईल, मला मान्य आहे, पण मग तसं स्पष्ट सांगा ना. माणूस थांबायला तयार असतो. नुसतं उद्या-उद्या ऐकून जीव टांगणीला लागतो, एवढे पैसे गुंतलेले असतात आणि गाडी आपण हातानं बघितलेली पण नसते. ज्यांना लग्नकार्याला, सणाला गाडी पाहिजे त्यांनी कॅरिअरच्या तारखेवर भरवसा ठेवून काही ठरवू नये.

एकदा कंटेनर सुटला की मात्र ड्रायव्हरचा नंबर मिळाला आणि पुढं सगळं सरळ झालं. राजस्थानकडचे वयस्कर उस्ताद होते, दिवसातून एकदा फोन उचलायचे आणि जिथं असतील ते खरं सांगायचे, सागर पार केलं, नागपूरला नो एंट्रीत अडकलोय, असं. गाडीचा फोटो मागितला तर ढाब्यावर थांबल्यावर पाठवायचे. फोटोत बघितलं, पट्टे टायरवरून टाकून आवळलेले होते आणि चाकांना पुढून-मागून अडण लावलेली. हे बघणं गरजेचं आहे बरं का, काही लोक सस्पेन्शनच्या आर्मला हूक अडकवून ओढतात, त्यात अलाइनमेंट आणि बुश दोन्हीची वाट लागते.

निर्मलच्या अलीकडं हायवेलगत एका ढाब्यासमोर मोकळी जागा होती तिथं गाडी उतरवली. मी आणि माझा मित्र भोकरवरून एसटीनं भैंसा आणि पुढं तेलंगणाच्या बसनं निर्मल असे गेलो होतो. कंटेनरचा मागचा रॅम्प खाली आला, उस्तादांनी स्वतः बसून इंच-इंच करत गाडी मागं घेतली, त्यांचा क्लीनर खाली वाकून बंपर बघत होता. मला लई बरं वाटलं ते बघून. लोकाच्या गाडीला एवढं जपणारा माणूस भेटणं हे नशीबच. मग मी कंडिशन शीट आणि तो व्हिडिओ काढून एकेक पॅनल ताडून बघितलं. उजव्या आरशाच्या कव्हरवर एक घासलेलं निघालं जे व्हिडिओत नव्हतं. उस्तादांना दाखवलं, त्यांनी वाद घातला नाही, शीटवर लिहून सही केली. मीटर मात्र साठ-सत्तर किलोमीटर वाढलेलं होतं, नोएडा ते हब एवढ्याच अंतराचं, म्हणजे मधी कुणी फिरवलेली नाही.

आरशाचं पुढं असं झालं, डिलिव्हरीच्या दिवशीच शीट, फोटो आणि लोडिंगचा व्हिडिओ असा मेल केला, कंपनीनं दोन-चार वेळा टाळाटाळ केली पण सहीचा कागद बघितल्यावर कव्हर आणि पेंटिंगचे पैसे यूपीआयनं परत दिले. सही नसती तर एक रुपया मिळाला नसता, हे त्यांच्याच माणसानं मला सांगितलं. म्हणून डिलिव्हरी रात्री घेऊ नका. टॉर्चच्या उजेडात ओरखडे दिसत नाहीत, आणि एकदा "गाडी ठीक मिळाली" म्हणून सही केली की विषय संपतो.

निर्मलवरून निघताना पहिल्याच पंपावर हवा आणि पेट्रोल, मग ऐंशीच्या आत चालवत भोकरमार्गे घरी. गाडीत आरसी, पीयूसी आणि चालू इन्शुरन्स पाहिजेच. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असली तरी थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर, लागू राहतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पाहिजे असेल तर नाव बदलाचा अर्ज 14 दिवसांच्या आत कंपनीकडं गेला पाहिजे, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) जुन्या मालकासोबत जातो, तो आपल्याला मिळत नाही, तेवढा प्रीमियमचा फरक भरावा लागतो.

कॅरिअरवाले "आरटीओचं पण करून देतो" म्हणून पॅकेज विकतात, त्याला माझं स्पष्ट नाही. एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म 28 दिल्लीतूनच निघतो, विकणाऱ्याच्या मागं लागून, दंडाची चलनं सगळी भरून, कर्ज असलं तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म 35 घेऊन, आणि त्यावर आपल्या आरटीओचं नाव बरोबर पडलं पाहिजे, आमचं नांदेड, एमएच 26. हे काम चुलतभावानं विकणाऱ्याला सोबत घेऊन केलं आणि एनओसी हातात येईपर्यंत शेवटचे पैसे दिले नाहीत. इकडं मग मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, नव्या नंबरसाठी 27, गाडी दाखवायची आणि टॅक्स भरायचा. पेट्रोल गाडीला आपल्याकडं नव्या गाडीच्या किमतीवर 11 टक्क्यांपासून सुरुवात, गाडीच्या वयाप्रमाणं तो कमी होत जातो, तरीही दिल्लीत वाचलेल्या पैशातला चांगला मोठा घास जातो. सौदा करायच्या आधी हा आकडा आरटीओत विचारून घ्या आणि गाडीच्या किमतीत धरूनच चला. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार कापला तो बुकिंग ऑफिसच्या उडवाउडवीमुळं. बाकी पट्टे, ड्रायव्हर, रॅम्प, नुकसानभरपाई यात तक्रार नाही.

बाकी जिल्ह्यांचं विचाराल तर सगळ्यांना निर्मल सोयीचं नाही. किनवटवाल्यांनी आदिलाबादला मागावी, जवळ पडतं.  जालना आणि संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांमुळं मोठ्या ट्रकची ये-जा असते, तिथं थेट कंटेनर मिळतो का आधी विचारा, नाहीतर नागपूरवरून समृद्धीनं चालवत आणायला रस्ता मोकळा आहे. देगलूर, मुखेडवाल्यांना हैदराबाद हबवरून संगारेड्डीमार्गे नॅशनल हायवे 161 सरळ पडतो. लातूर-उदगीरवाल्यांनी पण हैदराबादवरूनच उचलावी, झहीराबाद-बीदरमार्गे यावं. आणि उमरगा-नळदुर्गच्या लोकांनी हैदराबादवरून सोलापूर-पुण्याकडं जाणारा कंटेनर आहे का ते विचारावं, तो त्यांच्या दारावरूनच जातो, फक्त बिल्टीवर गावाचं नाव आणि "गाडी शेवटी चढवावी" हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावं.